फक्त सगे

रायपूरच्या गुढियारीत कुणाच्या घरी लग्न ठरलं की पेढ्यांच्या आधी धर्मपालभाऊ रामटेक्यांचा सल्ला येऊन पोचायचा, तोही न मागता. रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस एरवी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सकाळी बाजारातून भाजी आणावी, पेपर वाचावा, विहारात जाऊन पंखे नीट फिरतात का ते बघावं, एवढंच त्यांचं जग. पण लग्नाच्या खर्चाचा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं.

“मांडवात पैसा काहून जाळून राहिला बे?” ते समोरच्याला खडसावायचे. “पोट्टीच्या नावानं एफडी कर. आइस्क्रीम खाऊन लोक आपापल्या घरी जातेत, हप्ते तुले भरा लागतेत.”

लोक मान डोलवायचे आणि यांची पाठ वळली की हसायचे. त्यांचं नावच ‘एफडीकाका’ पडलं होतं. ते त्यांना सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांच्या बायकोला, कलावतीबाईंना, तर ते इतकं आवडलं होतं की नवऱ्याचा राग आला की त्या मनातल्या मनात तेच नाव घ्यायच्या.

तसा विषय हसण्यावारी नेण्याचा नव्हता. मुलगी दोन लेकरांची आई झाली तरी तिच्या लग्नाचे हप्ते भरणारे बाप धर्मपालभाऊंनी कारखान्यात रोज पाहिले होते. म्हणून विहारातल्या एका कार्यक्रमात माइक हाती आला तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की माझ्या दीक्षाचं लग्न मी बाजूला ठेवलेल्या पैशातच करीन, कुणाकडून एक रुपया उसना घेणार नाही. टाळ्या पडल्या. माइकवर बोललेलं परत घेता येत नाही, हे घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

दीक्षा शंकर नगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. तिथल्याच लोकेशशी तिचं जमलं. लोकेश अभनपूरच्या पुढच्या एका खेड्यातला, अस्सल छत्तीसगढी घरातला. मग वर्षभर नाकं मुरडण्याचा कार्यक्रम झाला. भंडाऱ्याच्या नातेवाइकांनी मुरडली, तिकडे त्यांच्या समाजातल्या वडीलधाऱ्यांनी मुरडली. दीक्षाला मराठी सगळी समजते, पण उत्तर ती हिंदीतच देते, आणि वर्षभर तिचं उत्तर एकच होतं. “करूँगी तो इसी से, नहीं तो रहने दो.” शेवटी मुरडून मुरडून नाकंच दमली आणि लोकेशचे वडील फिरतूराम बोलणी करायला गुढियारीला आले.

फिरतूराम म्हणजे शिडशिडीत शेतकरी, खांद्यावर गमछा, बोलण्यापेक्षा हसणं जास्त. चहा बशीत ओतून त्यांनी शांतपणे प्यायला आणि समोरचा काय म्हणतो त्याची वाट बघत बसले. धर्मपालभाऊंनी घसा साफ केला आणि ठेवणीतली हिंदी बाहेर काढली.

“देखिए समधीजी, मुझे तामझाम पसंद नहीं. शादी में सिर्फ सगे लोग. बाहर का कोई नहीं.”

फिरतूरामांचा चेहरा उजळला. “हव भैया, सगा मन भर आहीं. बाहिर के कोनो नइ.”

“पक्का?”

“पक्का. सगा ला छोड़ के अउ कोन ला बलाबो?”

एवढं सरळ बोलणं धर्मपालभाऊंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. व्याही निघून गेल्यावर ते घरभर फिरत राहिले. “माणूस पाह्य, माणूस. एका वाक्यात मानला. याले म्हणते समजदारी.” मग त्यांनी बोटांवर हिशोब मांडला. मुलाचे काका, मामा, आत्या, मावश्या आणि त्यांची लेकरं धरली तरी साठाच्या वर जात नव्हती. आपल्याकडचे, गल्लीतले, कारखान्यातले आणि दीक्षाच्या लॅबमधले मिळून अडीचशे ताटांत लग्न बसत होतं. गल्लीमागचं सामुदायिक भवन त्यांनी दिवसाच्या भाड्यानं ठरवलं, आणि ओळखीतल्या राकेश हलवायाला जेवणाचं सांगितलं.

आता इथपर्यंत सगळं धर्मपालभाऊंच्या उपदेशाला धरून चाललं होतं. पण मधेच त्यांचे जुने सोबती बाबाराव यांच्या मुलाचं लग्न निघालं. बाबारावांनी मोठं लॉन घेतलेलं, खाण्याचे काउंटर इतके की माणूस वाट चुकावा. धर्मपालभाऊंनी तिथे उभ्या उभ्या पाच जणांना एफडीचं महत्त्व सांगितलं आणि घरी आले ते थोडे गप्पच. दुसऱ्या दिवशी पेपराआडून म्हणाले, “एखादा चाट काउंटर तर ठेवा लागन. लोक का म्हणतीन?”

आठवड्याभरात चाटच्या मागून चायनीज आलं, पनीर एकाचं दोन झालं, आइस्क्रीम आलं, दारात फुलांची कमान आली. प्रत्येक वेळी धर्मपालभाऊ म्हणायचे, हे शेवटचं. बाजूला ठेवलेल्या पैशात ते जेमतेम बसत होतं, पण बसत होतं. त्यासाठी सदर बाजारात अंगठी घेताना कलावतीबाईंनी आपल्या जुन्या बांगड्या मोडीत घातल्या आणि सोनारानं वजनात जरा हात मारायचा प्रयत्न केला तेव्हा काटा दोनदा पुसायला लावला. स्वतःसाठी पांढरी साडी घेतली तीही सुती. “पनीर दोन खाईन तं साडी साधीच चालते,” एवढाच टोमणा त्यांनी मारला. तो धर्मपालभाऊंना ऐकू आला नाही, किंवा त्यांनी ऐकला नाही.

लग्न दोन आठवड्यांवर आलं, आणि एका रविवारी दीक्षा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, “बाबा, लोकेश के पापा ने तीन बस बुक कर ली है.”

“तीन बस? कोनासाठी?”

“बाराती के लिए. फुल है तीनों.”

तीन भरलेल्या बसा म्हणजे साठ माणसं नव्हेत, हे सांगायला फिटर लागत नाही. मग धर्मपालभाऊंचा पारा चढला. तोंडावर गोड बोलून गेला, शब्द देऊन फिरला, असल्या माणसाच्या घरी माझी पोट्टी द्यायची का, इथपर्यंत त्यांची गाडी गेली. दीक्षानं कानात इअरफोन घातले. बाबाराव येऊन बसले होते, ते मात्र खुलले.

“घ्या नं सोसायटीचं कर्ज,” बाबाराव मांडी ठोकून म्हणाले. “जामीन मी राह्यतो. आयुष्यभर लोकायले शिकवलं, आता एक डाव आपनही घेऊन पाहा, गोड लागते.”

हे बोलणं धर्मपालभाऊंना फार लागलं. त्या रात्रीचं जेवण त्यांनी अर्धवट सोडलं. कर्ज घ्यायचं तर माइकवरचा शब्द जातो, गल्ली जन्मभर हसणार. नाही घ्यावं तर लेकीच्या लग्नात व्याह्यांची माणसं उपाशी परत जाणार, आणि दीक्षाला ते सासरी जन्मभर ऐकावं लागणार. दोन्हीकडून तोंडघशी पडायची वेळ आली होती. कलावतीबाईंनी ताट उचलता उचलता सांगितलं, “घरात बसून काहून कुढून राहिले? उद्या जाऊ त्यायच्या गावाले. बोला समोरासमोर.”

सकाळी स्कूटरवर दोघं निघाले. वाटेत धर्मपालभाऊ वाक्यं पाठ करत होते. ‘समधीजी, आपने जुबान दी थी.’ ‘समधीजी, बात ऐसी है.’ मागून कलावतीबाई म्हणाल्या, “रस्त्यावर ध्यान ठेवा.”

गावाच्या तोंडाशी एका दुकानदारानं त्यांना हात करून थांबवलं. “कहाँ के सगा आव?”

धर्मपालभाऊ चमकले. या माणसाशी आपलं कसलं नातं? त्यांनी फिरतूरामांचं नाव सांगितलं, तसा तो दुकान सोडून पुढे धावला. गल्लीतून आवाज जायला लागला, “सगा आए हे, सगा आए हे.” बाया दारात आल्या. एकीनं पाण्याचा लोटा आणून पायांपाशी ठेवला, “गोड़ धो लव सगा.” न्हावी आला आणि राम राम सगा म्हणाला. शाळेचे गुरुजी आले, तेही सगा म्हणाले. कुणाची बकरी मध्ये आली तर एका म्हाताऱ्यानं तिला हाकललं, “हट, सगा ला रस्ता दे.”

फिरतूराम घरून धावत आले. त्यांची मोठी बहीण, जिला सगळं गाव फूफू म्हणायचं, ती काठी टेकत मागून आली. खाटेवर बसवलं, चहा आला, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण ‘बइठव सगा’ म्हणून जात राहिला. धर्मपालभाऊंची पाठ केलेली वाक्यं तशीच राहिली. शेवटी त्यांनी भलताच प्रश्न विचारला.

“समधीजी, ये पूरा गाँव मुझे सगा क्यों बोल रहा है?”

फिरतूराम गोंधळले. “सगा हव, त सगा कहिबो.”

कलावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. आधी धर्मपालभाऊंना वाटलं, रडते की काय. ती बाई हसत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

“अवो,” त्या कशाबशा म्हणाल्या, “आपली भाजीवाली नाई का, घरी सगा आला म्हणून बाजारातून लवकर उठते ते? यायच्यात पाहुन्याले सगा म्हणतेत. सोयरा सगा, पाहुना सगा, समाजातला तोही सगा. तुमी त्यायले सांगतलं, फक्त पाहुनेच आना, बाहेरचे आनू नोका.”

धर्मपालभाऊ आ वासून बघत राहिले. त्या भाजीवालीचं बोलणं त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. त्यांना वाटायचं, बाईला सख्खे भाऊ फार.

फिरतूरामांना हिंदीतून समजावून सांगितल्यावर तेही हसले. पण हसू ओसरलं तरी बसा तीनच होत्या. आता बोलणं भाग होतं, आणि या माणसानं शब्द मोडलेला नाही, उलट तो पाळायला तो गावभर फिरला आहे, हे कळल्यावर रागाचा आधारही उरला नव्हता. धर्मपालभाऊ खाली बघून म्हणाले, “समधीजी, मेरे पास ढाई सौ थाली का ही पैसा है. कर्ज मैं लूँगा नहीं, मैंने सबके सामने बोला है. मुझे शरम आ रही है, पर सच यही है.”

फिरतूरामांनी उठून गमछा खांद्यावर टाकला. “भैया, मोर समझ के फेर ए. दू बस मना कर देथंव. घर-घर जाके कहि देहूं.”

“पींयर चाउंर बाँट डारे हस,” फूफू हळूच म्हणाली. पिवळे तांदूळ हातावर ठेवून आमंत्रण देतात तिकडे. ते एकदा घरात गेले की परत मागायचे नसतात. फिरतूरामांनाही ते माहीत होतं. तरी ते दाराकडे वळले.

दारात मघाची लोटावाली बाई उभी होती, न्हावी होता, बकरी हाकलणारा म्हातारा होता. धर्मपालभाऊ जे मागायला आले होते ते त्यांना मिळालं होतं, आणि आता ते घ्यायला मन धजेना. ज्यांनी आपले पाय धुवायला पाणी दिलं त्यांनाच उद्या येऊ नका म्हणून सांगायचं, याची त्यांना इतकी लाज वाटली की ते खाटेवरून उठूनच उभे राहिले.

“रुकिए, समधीजी. आप लोग शादी में खाते क्या हैं?”

“भात, दार, साग,” फिरतूराम म्हणाले. दार म्हणजे डाळ, साग म्हणजे भाजी. “अउ का?”

“मंग ते चायनीज कोनासाठी ठेवलं?” कलावतीबाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं. “या लोकायसाठी नाई, माह्यासाठी नाई. बाबारावसाठीच ठेवलं असन.”

धर्मपालभाऊंना नवरा म्हणून राग यायला हवा होता. पण बाई खरं बोलत होती. जगाला वाजवी लग्नाचे धडे देणारा हा माणूस स्वतःच्या घरी बाबारावांच्या लॉनशी शर्यत लावून बसला होता. ते परत खाली बसले आणि हवेत बोट फिरवत मनाशी बोलायला लागले. कमान गेली, चाट काउंटर गेला, चायनीज गेलं, दोन्ही पनीर गेली, आइस्क्रीम गेलं. एकेक वस्तू जात होती आणि तिच्या जागी माणसांच्या रांगा येऊन बसत होत्या. भात, डाळ, वांगं-बटाट्याची भाजी, टमाट्याची चटणी आणि बुंदी. त्याच पैशात तीन बसा बसत होत्या, आणि वर थोडी जागा राहत होती.

“किसी को मना नहीं करना,” ते म्हणाले. “सब सगा लेके आओ.”

घरी आल्यावर दीक्षा मात्र बिथरली. लॅबच्या मैत्रिणींना तिनं चाटचं सांगून ठेवलं होतं. “दाल-भात? बाबा, शादी है कि भंडारा?” दिवसभर तिनं अबोला धरला. संध्याकाळी कलावतीबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि गावातली सगळी गोष्ट बकरीसकट सांगितली. सगळ्या गावानं बाबांना सगा म्हटलं, हे ऐकल्यावर ती हसायला लागली, आणि मग समेट झाला तो असा, की बाकी काही नको, पण कोपऱ्यावरचा गुपचुपवाला पाहिजे. पुण्या-मुंबईकडचे जिला पाणीपुरी म्हणतात तिला रायपूरला गुपचुप म्हणतात, आणि तिच्यावाचून रायपूरच्या पोरीचं लग्न लागत नाही. धर्मपालभाऊंनी मान्य केलं. राकेश हलवाई तेवढा नाराज झाला. डाळभातात आपलं नाव काय होणार, असं त्याचं दुखणं होतं.

लग्न दुपारचं होतं. तीन बसा भवनासमोर उभ्या राहिल्या आणि त्यातून माणसं उतरतच राहिली. बाबाराव दारात उभे होते. ते धर्मपालभाऊंच्या कानाशी लागले, “कर्ज काढलं वाट्टे शेवटी.” धर्मपालभाऊ नुसते हसले.

बुद्धवंदना झाली, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या, हार घातले, फुलं पडली, आणि भंतेजींनी आशीर्वाद दिले. फेऱ्यांसाठी बैठक मारून बसलेली गावची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. “बिहाव हो गे?” न्हाव्यानं विचारलं. हो म्हटल्यावर त्याला फार बरं वाटलं, कारण भूक लागली होती.

उभ्यानं खायला सरावलेल्या गल्लीला खाली पंगतीत बसायचं जड गेलं. पँट आवळल्या, गुडघे वाजले. पण गरम भातावर डाळ पडली आणि गावच्या पोरांनी वाढायची घमेली स्वतःच उचलली, तशी सगळ्यांची तोंडं खाण्यात गुंतली. लॅबच्या पोरी गुपचुप खाऊन परत पंगतीत येऊन बसल्या. बाबाराव पहिल्या पंगतीत जेवले, आणि बुंदी चांगली आहे म्हणून तिसऱ्या पंगतीतही दिसले. धर्मपालभाऊ वाढणाऱ्यांमागे धावत होते, प्रत्येकाला आग्रह करत होते आणि दर पंगतीला भाताच्या गंजात डोकावून येत होते.

शेवटची पंगत उठली आणि राकेश हात पुसत आला. “भैया, भात खतम. दाल भी खतम.”

हाच शब्द ऐकायला लागू नये म्हणून धर्मपालभाऊ दोन आठवडे धड झोपले नव्हते. त्यांनी भवनभर नजर फिरवली. लोक हात धूत होते, पान मागत होते, भिंतीला टेकून सुस्तावले होते. ताटाची वाट बघत कुणी नव्हतं.

“कोई बाकी है?” तरी त्यांनी विचारलं.

“कोई नहीं,” राकेश म्हणाला आणि जरा ओशाळला. “बस आप और भाभीजी.”

कलावतीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. सकाळपासून दोघांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि ते आत्ता आठवत होतं. हॉटेलातून काही आणतो म्हणून बाबाराव चप्पल शोधायला लागले. पण फूफूनं ऐकलं होतं. ती काठी टेकत आली, परतीच्या वाटेसाठी बांधून आणलेलं गाठोडं तिनं सोडलं आणि दोन पत्रावळींवर बेसनाची ठेठरी आणि गुळाची खुरमी वाढली. धर्मपालभाऊ नको नको म्हणत होते. फूफूनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

“खा ले सगा,” ती म्हणाली.

धर्मपालभाऊंचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. स्वतःच्या लेकीच्या लग्नात ते पाहुणे म्हणून जेवले. खुरमी तर त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.